'कै.', 'स्वर्गीय' की 'दिवंगत'? : वर्गमित्रांच्या यादीच्या निमित्ताने

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींनी पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्या शाळेच्या १९८४ सालच्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा दिवाळीनंतर भरणार असून त्या निमित्ताने काढायच्या स्मरणिकेतील एक पान निधन पावलेल्या वर्गमित्रांसाठी आणि मैत्रिणींसाठी राखले आहे. अशी अकरा नावे आहेत. त्या नावांआधी 'कै.' लिहावे, 'स्वर्गीय' लिहावे की 'दिवंगत'? अकरांमध्ये एक नाव मुस्लिम, एक ख्रिस्ती, एक बौद्ध आणि दोन लिंगायत आहेत, तेव्हा 'कै.' सर्वांना शोभेल का? आणि पानाचे शीर्षक 'भावपूर्ण श्रद्धांजली' असावे की 'आदरांजली'?

माझे मत आधी सांगतो. 'दिवंगत' हा शब्द शीर्षकात एकदाच यावा, आणि त्याखालची अकराही नावे कोणत्याही उपपदाशिवाय, शाळेच्या पटावर होती तशी लिहावीत. असे का म्हणतो, ते समजण्यासाठी या शब्दांकडे एकेक करून पाहायला हवे.

'कै.' हा 'कैलासवासी' या शब्दाचा संक्षेप आहे, हे आता अनेकांच्या लक्षातही राहिलेले नाही. कैलास हे शिवाचे स्थान, म्हणून कैलासवासी म्हणजे शिवाजवळ राहायला गेलेला. ज्यांची निष्ठा विष्णूकडे, विठ्ठलाकडे आहे, त्यांच्यासाठी 'वैकुंठवासी' हा शब्द आहे आणि वारकरी घरांत आजही नावाआधी 'वै.' असे लिहिले जाते. 'कैलासवासी'ची परंपरा मराठीत जुनी असून तिचा एक ठळक दाखला करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या, राज्याशीच निगडित आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात शिवाजी महाराजांचा निर्देश 'थोरले कैलासवासी स्वामी' असा येतो. तेथे तो शब्द पूर्ण लिहिलेला आहे, त्याला वजन आहे आणि त्यामागे श्रद्धा आहे. पुढे छापील पत्रिका, निधनवार्ता आणि देणगीच्या पाट्या यांच्या काळात त्याचे 'कै.' झाले आणि तो एखाद्या शिक्क्यासारखा कोणाच्याही नावावर उमटू लागला. आपल्या यादीतील मुस्लिम किंवा बौद्ध मित्राच्या नावाआधी तो छापला, तर छापणाऱ्याच्या मनात काहीही वावगे नसते. परंतु त्या मित्राच्या घरच्यांना तो शब्द परका वाटतो, आणि हे पान मुख्यतः त्यांच्याच हाती जाणार आहे.

मग ज्याच्या त्याच्या परंपरेतला शब्द ज्याच्या त्याच्या नावाआधी लावावा, असे कोणी सुचवील. शब्द आहेत, आणि ते सुंदर आहेत. लिंगायत समाजात 'लिंगैक्य' म्हणतात. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य या षट्स्थलांपैकी, म्हणजे साधनेच्या सहा पायऱ्यांपैकी, शेवटच्या पायरीचे नाव त्या शब्दात आहे. मुस्लिम घरांत 'मरहूम' आणि स्त्रीसाठी 'मरहूमा' म्हणतात. दया या अर्थाच्या अरबी धातूपासून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'ज्याच्यावर ईश्वराची कृपा झाली तो' असा आहे. मराठी वृत्तपत्रांतून दिसणारा 'पैगंबरवासी' हा शब्द मात्र 'कैलासवासी'च्या साच्यात घडवलेला असून तो मला कधीच पटला नाही, कारण पैगंबर हे राहण्याचे स्थान नव्हे. त्याच साच्यातला 'ख्रिस्तवासी' त्या मानाने अर्थाला धरून आहे, कारण ख्रिस्तामध्ये वास करणे ही कल्पना त्या धर्मातच आहे. बौद्ध समाजात 'कालकथित' हा शब्द रूढ आहे. त्यातील 'कथित'चा कथनाशी संबंध लावू पाहणारे वाचक गोंधळतात. पालीत 'काल करणे' म्हणजे मृत्यू पावणे, आणि 'कालकत' म्हणजे ज्याने काल केला तो. त्याचेच मराठीत 'कालकथित' झाले.

हे सर्व शब्द त्या त्या घरच्या पत्रिकेत यथायोग्य आहेत. वर्गाच्या यादीत मात्र ते एकाखाली एक आले की अकरा मुलांची पाच गटांत वाटणी झालेली दिसते. कोल्हापुरातल्या शाळांविषयी बोलताना हे मला विशेष टोचते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून पुढच्या दोन दशकांत या शहरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास पाठबळ दिले. मुले राहायला वेगवेगळ्या बोर्डिंगांत असत. पण पुढे शाळेतल्या हजेरीला त्यांची नावे एकाच पटावरून पुकारली जाऊ लागली. आपणही चाळीस वर्षांपूर्वी त्याच पटावर एकापुढे एक होतात. तुकडीच्या पानावर तीच सलगता राहावी असे मला वाटते.

'स्वर्गीय' हा त्यावरचा तोडगा आहे असे अनेकांना वाटते, परंतु त्यात दोन अडचणी आहेत. स्वर्ग ही कल्पना सर्वांची नाही, ही पहिली. आणि दुसरी भाषेची. मराठीत 'स्वर्गीय' या विशेषणाचा स्वाभाविक अर्थ 'स्वर्गातल्यासारखा, अलौकिक' असा आहे. स्वर्गीय सूर, स्वर्गीय सौंदर्य असे आपण म्हणतो. वारलेल्या माणसासाठी मराठीचा जुना शब्द 'स्वर्गवासी' असा आहे, आणि नावाआधी 'स्वर्गीय' किंवा 'स्व.' लावण्याची रीत हिंदीच्या सहवासाने वाढली. 'आमच्या वर्गातील स्वर्गीय गायक' असे लिहिले, तर तो मित्र हयात नाही की त्याचा गळा अलौकिक होता, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आता 'दिवंगत'. हा शब्द कोणत्याही धर्माचा नाही असे समजून तो सर्रास वापरला जातो, आणि मीही तोच सुचवतो आहे. तरी व्युत्पत्ती लपवणे योग्य नव्हे. 'दिवम्' म्हणजे आकाशाकडे, स्वर्गाकडे, आणि 'गत' म्हणजे गेलेला. अर्थात मुळात 'दिवंगत' आणि 'स्वर्गवासी' यांत मोठे अंतर नाही. पण शब्द केवळ व्युत्पत्तीवर चालत नाहीत. 'कैलासवासी' उच्चारताना कैलास ऐकू येतो, 'स्वर्गीय' उच्चारताना स्वर्ग ऐकू येतो. 'दिवंगत'मधला 'दिव्' मराठी कानाला आता ऐकू येत नाही. त्यामुळे सरकारी शोकप्रस्तावापासून साहित्यसंस्थांच्या सभांपर्यंत तो सर्व धर्मांच्या माणसांसाठी विनातक्रार वापरला जातो. 'कालवश' हाही असाच निरपवाद शब्द आहे, पण तो क्रियेला अधिक शोभतो: 'ते कालवश झाले'. 'मयत' हा अरबी 'मय्यित'वरून आलेला शब्द दाखल्यांत आणि सात-बाराच्या नोंदींत ठीक आहे, आणि आपल्याकडे 'मयतीला जाऊन आलो', 'मातीला गेलो होतो' असे बोलतातही. परंतु स्मरणाच्या पानावर 'मयत विद्यार्थी' असे लिहिले की ते तलाठ्याच्या दप्तरातून उतरवल्यासारखे दिसते.

नावागणिक उपपद नको, असे मी का म्हणतो, ते एका अनुभवावरून सांगतो. मीही कोल्हापुरातच शिकलो. आमच्या वर्गातला एक मुलगा अकरावीत असताना काविळीने गेला. पुढे पंचवीस वर्षांनी आम्ही जमलो तेव्हा फलकावर त्याचे नाव 'कै. श्री.' आणि त्यापुढे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे पूर्ण लिहिले होते. वर्गातल्या दोघीतिघी माझ्याजवळ येऊन विचारू लागल्या की, हे गृहस्थ कोण? मी त्याचे हाकेचे नाव सांगताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ज्याला कधी 'श्री.' लागण्याइतके वय मिळाले नाही, त्याला आम्ही मरणोत्तर प्रौढ गृहस्थ करून टाकले होते. शिवाय 'श्री.' हयात व्यक्तीला लावायचे असा संकेत असल्याने 'कै. श्री.' ही जोडी मुळातच विसंगत आहे, ती कितीही रुळलेली असो.

हाच विचार सर्वनामालाही लागू आहे. आठवणी लिहिताना 'ते अत्यंत खेळकर होते' असे लिहावे की 'तो अत्यंत खेळकर होता'? मराठीत आदरार्थी बहुवचन परक्याला आणि वडीलधाऱ्याला द्यावयाचे असते. ज्याच्या डब्यातली भाकरी आपण न विचारता उचलली, त्याला मेल्यावर 'ते' म्हणण्याने आदर वाढत नाही, अंतर वाढते. वर्गमित्राने लिहिलेल्या आठवणीत 'तो' आणि 'ती' हीच सर्वनामे असावीत. कुटुंबीयांच्या निवेदनात 'ते' येईल, आणि तेथे ते उचितच आहे.

मैत्रिणींच्या नावांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, परंतु तो सर्वांत नाजूक आहे. निधनवार्तेत त्यांची नावे 'कै. सौ.' अशी आणि सासरच्या आडनावासह आलेली असतात. 'कै. सौ.' याचा अर्थ पती हयात असताना मृत्यू आला, एवढाच. आणि पती आधी गेला असेल तर 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी, असे लिहिले जाते. म्हणजे ज्या मुलीने गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, तिच्याविषयी हे उपपद आपल्याला फक्त तिच्या नवऱ्याच्या आयुष्याची बातमी देते. आपल्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची दखल साऱ्या महाराष्ट्राने घेतली. त्यानंतर तरी कोल्हापुरातल्या स्मरणिकेत ही दोन्ही उपपदे दिसू नयेत. आधी पटावरचे, म्हणजे माहेरचे नाव लिहावे, कारण वर्ग तिला त्याच नावाने ओळखतो. आणि सासरचे नाव हवे असल्यास 'विवाहानंतरचे नाव' असे म्हणून पुढे द्यावे. येथे 'पूर्वाश्रमीची' हा शब्द मुळीच वापरू नये. तो संन्याशासाठी आहे: गृहस्थाश्रम सोडून संन्यास घेतलेल्याचे आधीचे नाव सांगताना 'पूर्वाश्रमीचे अमुक' म्हणतात. लग्न केलेल्या मुलीने कोणताही संन्यास घेतलेला नसतो.

शीर्षकाविषयी. 'श्रद्धांजली' आणि 'आदरांजली' या दोन्हींत अंजली, म्हणजे आपली ओंजळ, आहे. 'ओंजळ' हा शब्दही 'अंजली'वरूनच आला. रूढीने श्रद्धांजली ही मृत व्यक्तीलाच, आणि बहुधा मृत्यूनंतर लगेच वाहतात. आदरांजली थोरांना, त्यांच्या पुण्यतिथीला किंवा जयंतीलाही वाहता येते. आपल्या अकरांपैकी काहींना जाऊन वीस-पंचवीस वर्षे झाली असतील, त्यांचे रक्षाविसर्जन पंचगंगेच्या काठी केव्हाच झाले आहे. आणि वर्गमित्र हा थोर पुरुष नव्हे, तो बरोबरीचा असतो. म्हणून मला दोन्ही शब्दांपेक्षा 'आठवण' हा शब्द जवळचा वाटतो. 'आमचे दिवंगत वर्गसोबती : एक आठवण' असे शीर्षक मी सुचवीन. 'सोबती' हा शब्द मुद्दाम निवडला आहे, कारण त्यात मुलगे आणि मुली दोन्ही येतात आणि 'वर्गबंधू-भगिनी' असा सभेचा थाट त्याला नाही.

तरीही 'श्रद्धांजली'च ठेवायची असे मंडळींनी ठरवले, तर निदान ती शुद्ध छापावी. चौकाचौकांतल्या फलकांवर 'भावपुर्ण श्रध्दांजली' असे लिहिलेले पाहून फार वाईट वाटते. 'भावपूर्ण'मधला 'पू' दीर्घ आहे. 'श्रद्धा' या शब्दात आधी द आणि मग ध आहे, म्हणून जोडाक्षर 'द्ध' असे हवे. 'दिवंगत'चे 'दिवगंत' होते आणि 'स्वर्गीय'चे 'स्वर्गिय', तेही तपासावे. 'स्मृती' स्वतंत्र लिहिताना दीर्घ, पण 'स्मृतिदिन', 'स्मृतिशेष' या समासांत ऱ्हस्व.

शेवटच्या शब्दावरून आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'ज्याची केवळ स्मृती उरली तो' स्मृतिशेष, 'ज्याची कीर्ती उरली तो' कीर्तिशेष, अशी संस्कृतात शब्दांची एक रांगच आहे. तीतला 'नामशेष' आपण मराठीत गावांना आणि वाड्यांना देऊन टाकला, त्यामुळे माणसाला तो आता लावता येत नाही. पण रघुवंशाच्या चौदाव्या सर्गात कालिदासाने 'आलेख्यशेष' हा शब्द वापरला आहे. वनवासातून परतलेला राम डोळ्यांत अश्रू आणून वडिलांच्या महालात जातो, आणि तेथे दशरथाचे फक्त चित्र उरलेले असते. आपल्या पत्रात आपण लिहिले आहे की, त्या पानावर दहावीच्या निरोपसमारंभाचे सामूहिक छायाचित्र छापायचे आहे. अकरांपैकी कित्येकांचे तेवढे एकच छायाचित्र वर्गाजवळ असेल. त्याखाली रांगेनुसार नावे देताना हयात आणि दिवंगत असा कोणताही भेद करू नये, 'कै.' लिहू नये, चौकट आखू नये, फुलीही करू नये. ते छायाचित्र काढले त्या दिवशी पटावरचे सर्वजण हजर होते, आणि त्याखालची नावे त्या दिवसाची आहेत.