ब्रेक आधी, गियर मागाहून

प्रश्न : स. न. वि. वि. माझी ३०० सीसीची गाडी एरवी राजवाडा ते पलासिया एवढीच धावते. अलीकडे चेन्नईजवळच्या ट्रॅकवर सरावासाठी गेलो होतो. सरळ पट्टा संपून वळण जवळ आले की मी चौथ्यावरून एकदम दुसरा गियर टाकत असे आणि क्लच सोडताच मागचे चाक उड्या मारू लागे. स्लिपर क्लच बसवल्याने हे थांबेल का? शिवाय दुपारनंतर पुढच्या ब्रेकचा लिव्हर पार मुठीपर्यंत येऊ लागला. असे का व्हावे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : एबी रोडच्या सिग्नलवर आपण सारेच गियर उतरवून गाडी हळू करतो आणि त्या वेगाला ते खपूनही जाते. ट्रॅकवर मात्र वेग कमी करण्याचे काम ब्रेकचे. गियर उतरवायचा तो वळणातून बाहेर पडताना इंजिनात जोर हाताशी असावा म्हणून. आपला क्रम नेमका उलटा झाला आहे.

चौथ्या गियरमध्ये इंजिन मिनिटाला ६,००० फेरे करत असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात त्याला साडेनऊ हजारांच्या आसपास फेरे करावे लागतील (गाडीगणिक आकडा बदलेल). आपण ॲक्सिलरेटरची मूठ बंद करून क्लच दाबला, तेवढ्यात इंजिन तीन-चार हजारांवर उतरले. आता क्लच सुटताच त्याला वर ओढण्याचा भार मागच्या चाकावर पडतो. हे चाक त्या क्षणी अगदी हलके झालेले असते, कारण पुढचा ब्रेक जोरात लागला की वजन पुढे सरकते आणि एरवी निम्मे वजन पेलणाऱ्या मागच्या चाकावर जेमतेम एक-षष्ठांश उरू शकते. मग ते घसरते, पुन्हा पकड घेते, पुन्हा घसरते. याच आपण म्हणता त्या उड्या.

म्हणून गाडी सरळ असतानाच आधी पुढचा ब्रेक लावावा, तोही झटक्याने न लावता पुढचे शॉक ॲब्सॉर्बर दबू लागल्यावर जोर वाढवत न्यावा. वेग बराच उतरल्यावर एकेक गियर खाली घ्यावा आणि प्रत्येक वेळी क्लच दाबलेला असताना क्षणभर रेस देऊन मगच तो सोडावा. अवघड भाग पुढेच आहे : दोन बोटे ब्रेकवर ठेवून तळवा आणि अंगठा यांनी मूठ फिरवताना बोटांचा दाब कमी-जास्त होतो. गाडीचे नाक खाली-वर डोलले, तर हात कच्चा आहे असे खुशाल समजावे. पिथमपूरचा ११.३ किलोमीटरचा अंडाकार ट्रॅक घराजवळ असला, तरी तो वाहनांच्या चाचण्यांसाठी आहे. या सरावाला पहाटेचा मोकळा सरळ रस्ता आणि ४० चा वेग पुरेसा आहे. आधी ब्रेकला हात न लावता नुसती रेस जुळवावी, ती जमली की दोन्ही एकत्र करावे. गाडी झुकण्यापूर्वी सगळे गियर उतरलेले असावेत आणि झुकाव वाढेल तसतसा ब्रेक सैल होत जावा.

स्लिपर क्लच चाकाकडून उलटा येणारा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की थोडा सुटतो, त्यामुळे चूक पदरात घेतो. पण इंजिनाला रेडलाइनपलीकडे, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपलीकडे, नेणारा गियर टाकला, तर इंजिनाची खात्री तोही देत नाही. माझ्या मते आधी हात तयार करावा, खर्च नंतर.

लिव्हर मुठीपर्यंत येण्याचे कारण बहुधा जुने ब्रेक ऑइल आहे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३०° सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५° पर्यंत खाली येते. उकळलेल्या ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात आणि आपला दाब ब्रेक पॅडपर्यंत न पोहोचता ते बुडबुडे दाबण्यातच जातो. ऑइल बदलून लाइनमधील हवा काढून घेतल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर उतरू नये. त्याच वेळी पॅड किती उरले आहेत तेही पाहून घ्यावे.