अमेरिकेचं स्कॅलप: २७ हजार टन की सव्वादोन लाख?

तुमचा प्रश्न वाचून जुनी जखम ठसठसली. स्कॅलप म्हणजे पंख्यासारख्या शिंपल्यातला खाण्याचा समुद्री जीव. अमेरिकेचं २०१९ सालचं त्याचं उत्पादन अमेरिकी तक्त्यात सुमारे २७ हजार टन, एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) तक्त्यात सव्वादोन लाखांच्या घरात, मग खरं कोण? दोघंही.

अमेरिकी बोटींवर शिंपला उघडून पांढरा गर तेवढा ठेवतात, बाकी समुद्रात. मोजतात तो गर. एफएओ त्याला साधारण ८.३३ने गुणून शिंपल्यासकटचं वजन काढते. जपान मुळातच शिंपल्यासकट मोजतो. तिसऱ्यांचा वाटा घरी आणून सोलला की हाती किती उरतं, ते आठवा.

मला हे ठाऊक नव्हतं. त्याच वर्षाचे आकडे घेऊन 'जपान अमेरिकेच्या अठरापट' असं मी एका आयातदाराच्या अहवालात ठोकून दिलं. खरं प्रमाण दुपटीच्या जरा वर. त्याने भर बैठकीत विचारलं, "हे टरफलासकट का हो?" गिऱ्हाईक गेलंच. वाईट याचं वाटतं, की मी आधी एका कार्यालयाला हेच तीनदा विचारलं होतं. दीड महिन्याने उत्तर आलं, 'तक्त्याखालील टीप पाहावी.' तक्त्याखाली टीपच नव्हती! फोन केला तर म्हणे तो विभाग वेगळा. असो.

जपानच्या 'मासेमारी' रकान्यालाही भुलू नका. होक्काइडोच्या ओखोत्स्क किनाऱ्यावर वर्षभराची पिल्लं समुद्रतळाशी सोडतात आणि काही वर्षांनी खरवडून काढतात. माझ्या मते ही सरळ शेती आहे, पण नोंद मासेमारीत. मुत्सू उपसागरासारख्या ठिकाणी टांगून वाढवलेलं तेवढं मत्स्यशेतीत. दोन्ही रकाने मिळवूनच बघा.

पेरूच्या आकड्यांवर तर कलरेषा (वर्षागणिक कल दाखवणारी रेषा) काढूच नका. एल निनो, म्हणजे तिथला समुद्र तापतो तो काळ, कधी तारतो, कधी मारतो: १९८२-८३च्या एल निनोत पिस्कोकडे पीक उदंड आलं, २०१७च्या किनारी एल निनोत सेचुराच्या उपसागरातलं मेलं.

मी संख्याशास्त्रज्ञ नव्हे, गोठवलेल्या मालाच्या धंद्यातला माणूस. तरी एवढं सांगतो: ८.३३ सगळ्या जातींना लावू नका, तो अमेरिकेच्या अटलांटिक स्कॅलपचा आहे. आणि आयात-निर्यातीच्या आकड्यांवर तर मुळीच नको: फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेला गर फुगतो, त्या पाण्यालाही तुम्ही ८.३३ने गुणाल.