पायथन आणि जावाला बोलतं करताना

नवी मुंबईत महापेच्या आयटी पार्कात नवीन लागलास आणि पायथन या भाषेतला प्रोग्रॅम जावा या दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रॅमला जोडायचं काम अंगावर आलं, तर लगेच काफ्का आणि जीआरपीसी अशा प्रोग्रॅम जोडायच्या जड साधनांच्या मागे धावू नकोस. दोन्ही एकाच मशिनवर असतील तर साधा पाइप, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणारी नळी, पुरतो: जावाने पायथनला चालू करायचं, एका ओळीत एक जेसन (माहिती मजकुराच्या रूपात लिहायची ठरलेली पद्धत) लिहायचं, उत्तरही एका ओळीत वाचायचं. नवी मुलं इथे हमखास अडकतात. पाइपमध्ये पायथनचं आउटपुट बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, साठून राहतं आणि जावा ताटकळत बसतं. प्रत्येक उत्तरानंतर फ्लश कर, म्हणजे साठलेलं लगेच पुढे ढकल.

मशिन दोन असतील तर सरळ एचटीटीपी, म्हणजे वेबसाइट वापरतात तीच पद्धत, वापर. सॉकेटच, म्हणजे दोन मशिनमधली थेट जोडणीच, हवी असेल तर हे पक्कं ध्यानात घे: त्याखालच्या टीसीपी या नेटवर्कच्या नियमावलीला संदेश कळत नाही, फक्त बाइट्सचा प्रवाह कळतो. एकदा पाठवलेलं दोन तुकड्यांत येतं, दोनदा पाठवलेलं एकत्र चिकटून येतं. म्हणून प्रत्येक संदेशाआधी चार बाइट्समध्ये त्याची लांबी पाठव. जावाचं डेटाआउटपुटस्ट्रीम संख्येतला सर्वात मोठ्या किमतीचा बाइट आधी लिहितं, तेव्हा पायथनच्या स्ट्रक्ट या मॉड्यूलमध्येही तोच क्रम सांगणारं '>' चिन्ह दे. आणि लांबी अक्षरांची नव्हे, बाइट्सची मोज. 'ठाणे' या स्ट्रिंगची लांबी जावा ४ सांगतं, पण यूटीएफ-८ या अक्षरं बाइट्समध्ये लिहायच्या पद्धतीत तिचे बाइट्स १२ होतात. नुसत्या इंग्रजी नावांवर चाचणी केलीस तर हा घोळ कधीच दिसणार नाही.

मोठे आयडी जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणूनच पाठव. पलीकडे जावास्क्रिप्ट (जावाहून वेगळी भाषा) असेल तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे आकडे गुपचूप बदलू शकतात, एररही येत नाही. मला तरी सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.