ती निळी पाटी कोणाची?

प्रश्न: लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये रसेल हेंडरसन नावाची निळी पाटी (नामवंतांच्या आठवणीसाठी लावतात ती) बघितली, कोण होते हे?

उत्तर: त्रिनिदादचे वादक, 1951 मध्ये लंडनला आले. 1958 च्या नॉटिंग हिलमधल्या वांशिक दंगलींनंतर पत्रकार-कार्यकर्त्या क्लॉडिया जोन्स यांनी जानेवारी 1959 मध्ये कार्निव्हल, म्हणजे कॅरिबियन नाच-गाण्यांचा उत्सव, भरवला, पण तो हॉलमध्ये. पुढे 1960 च्या दशकात समाजसेविका रॉन लास्लेट यांनी नॉटिंग हिलमध्ये मुलांसाठी जत्रा ठेवली, तिथे हेंडरसन आणि साथीदार गळ्यात स्टीलपॅन अडकवून, म्हणजे तेलाच्या पिंपापासून बनवलेलं वाद्य, वाजवत सरळ रस्त्यावर निघाले आणि लोक आपोआप मागे नाचत चालू लागले. मला तर हे फारच भारी वाटतं, ना रथ ना स्टेज! त्यातूनच रस्त्यावरचा नॉटिंग हिल कार्निव्हल घडला, आज ऑगस्टअखेर त्याला लाखो लोक येतात. हेंडरसन 2015 मध्ये गेले.