एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन, दोन्ही नावं एकाच माणसाची का?

नाही, काका-पुतण्याची आहेत. कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, होता तोच. पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. तो जाताना मुंबईकरांनी शिक्षणासाठी वर्गणी गोळा केली, त्यातूनच पुढे कॉलेज उभं राहिलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

स्टेशनचं नाव पुतण्याचं, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. १८५७ च्या उठावाच्या वेळी गव्हर्नर तोच होता. आजचं हॉर्निमन सर्कलही पूर्वी एल्फिन्स्टन सर्कलच होतं. स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झालं.

घराणं मूळचं स्कॉटलंडचं. तिथे ईस्ट लोदियनमध्ये एल्फिन्स्टन नावाचं गाव आजही आहे. १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना जवळजवळ सगळी फौज गमावणारा जनरल विल्यम एल्फिन्स्टन मात्र तिसराच.