एका बाजूला आग आणि पट्ट्यात फोड: नागीण असू शकते, आजच दाखवा

आईंच्या उजव्या बरगडीखाली आग होतेय, ईसीजी आणि सोनोग्राफी नॉर्मल, कालपासून पाठीवर पाण्याचे फोड आणि शेजारच्या काकू म्हणतात गेरू लावा, हे तुमचं वाचून राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, पण याच दुखण्यातून गेलोय.

गेरू राहू द्या. 'नागिणीची तोंडं जुळली की माणूस दगावतो' हेही मनातून काढा. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याशेजारच्या मज्जातंतूच्या गाठीत दबून असतो. तो उठला की त्या एकाच तंतूच्या हद्दीत वेदना आणि फोड येतात. मणक्यातून अशा तंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि बहुतेकांचा कातडीवर आपापला पट्टा असतो: स्तनाग्राच्या पातळीला छातीची चौथी जोडी, बेंबीला दहावी. शेजारचे पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, पण डावा-उजवा तंतू अंगाच्या मध्यरेषेपाशी थांबतो. म्हणून तोंडं सहसा जुळतच नाहीत. हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी १९०० साली हा नकाशा मांडला तो नागिणीच्या रुग्णांवरूनच. (प्रतिकारशक्ती फार खालावली असेल तर पुरळ अंगभर पसरू शकतं. तसं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.)

आता खरं महत्त्वाचं. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत चांगलं. माझे ते तास एका मोठ्या हॉस्पिटलच्या खिडकीवर गेले. शुक्रवारी फोड दिसले, तर 'स्किनची ओपीडी मंगळवारी' म्हणून परत पाठवलं. कॅज्युअल्टीत गेलो तर 'ॲलर्जी आहे' म्हणून मलम दिलं. शर्ट वर करून पाठीपासून पोटाकडे तिरका उतरणारा, मध्यावर कापल्यासारखा थांबलेला पट्टा बघायला कुणाला अर्धा मिनिट नव्हता. मंगळवारपर्यंत फोड सुकायला लागले होते. पुढे कातडी बरी झाली, पण कित्येक महिने बनियन टेकला तरी आग व्हायची. गोळ्या वेळेत मिळूनही काहींचं दुखणं मागे राहतं, हे मान्य. पण वेळ घालवायचा अधिकार त्या खिडकीला कुणी दिला, हा राग माझा अजून गेलेला नाही.

म्हणून स्किनवाल्यांची वाट बघू नका. चांगला फॅमिली डॉक्टरही या गोळ्या लिहून देतो. दुखणं मागे राहिलंच तर साध्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. मज्जातंतूंच्या वेदनेची औषधं वेगळी असतात, ती मागा. घरात कांजिण्या न झालेलं लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर फोड झाकून ठेवा.

आणखी एक, आईंसाठी नाही पण इतर वाचणाऱ्यांसाठी: नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. शेंडा आणि बुबुळ एकाच तंतूच्या हद्दीत येतात.

आईंना किडनीचा काही त्रास आहे का? डोस त्यावर बदलतो, तेव्हा डॉक्टरांना ते आधीच सांगा.