जुन्या गाडीच्या सायलेन्सरमधून काळं पाणी उडतंय, इंजिन खोलायची वेळ आली का?

लगेच इंजिन खोलायला देऊ नका. तुम्ही लिहिलंय की जुनी पेट्रोल गाडी आहे, सकाळी चालू केली की सायलेन्सरमधून काळे थेंब उडतात, मागच्या भिंतीवर शिंतोडे पडलेत, थोडा पांढरा धूरही येतो आणि मेकॅनिकने नुसतं बघून हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय म्हणून सांगितलं. गेलेलं असेलही, पण मागे उभं राहून बघून ते कुणालाच कळत नाही. आधी उडतंय ते नक्की काय आहे ते ठरवू, मग कुठून येतंय ते बघू.

पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो आणि एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की साधारण लिटरभर पाणी होतं, खोटं वाटेल पण हिशोब तसाच आहे. पाइप गरम असला की ते वाफ होऊन निघून जातं, सकाळी सगळा पाइप गार असतो म्हणून त्या वाफेचं आतच पाणी होतं, मफलरमध्ये म्हणजे सायलेन्सरच्या डब्यात साचतं आणि रेस दिली की शिंतोडे उडतात. जुन्या गाडीत पाइपला आतून काजळी धरलेली असते, ती मिसळली की पाणी काळंकुट्ट. त्यात रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालवून गाडी बंद होत असेल तर पाइप नीट तापतच नाही आणि पाणी आत राहून मफलर आतून गंजत जातो. बऱ्याच मफलरना खालच्या बाजूला बारीक भोक असतं, पाणी निथळायला मुद्दाम ठेवलेलं, लोक ते गळतंय समजून वेल्डिंगने बुजवतात, तुमच्यात तसं केलंय का तेही बघा.

आता टेस्ट. सकाळी गाडी गार असताना उघड्यावर काढा, बंद शेडमध्ये अजिबात चालू ठेवू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. सायलेन्सरच्या तोंडामागे वीतभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरा, दुसऱ्या कुणालातरी हलकी रेस द्यायला सांगा, आणि पुठ्ठा सावलीत पूर्ण वाळू द्या, घाई नको. पाणी असेल तर वाळल्यावर बोटाने पुसली जाणारी कोरडी काजळी उरते, बाकी काही नाही. ऑइल असेल तर डाग वाळतच नाही, साध्या कागदावर घेतलं तर कागद उजेडाकडे धरल्यावर डाग तेलकट, आरपार दिसतो. पेट्रोल असेल तर वासावरूनच कळेल आणि डाग पटकन उडून जाईल. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, असेल तर थोडा चिकटपणा राहतो, कधी तुमच्या कूलंटचा रंगही दिसतो, वास गोडसर येतो. चाखून वगैरे बघू नका, त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं, आणि खाली सांडलं तर धुऊन टाका कारण गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात.

पण माझा खरा भरवसा पुठ्ठ्यापेक्षा पातळ्यांवर आहे. बाहेर जे पडतंय ते गाडीतल्या कुठल्यातरी टाकीतून कमी झालंच पाहिजे. गार गाडीवर कूलंटच्या बाटलीला मार्करने पातळीची रेघ मारा, डिपस्टिकवर (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) ऑइल कुठे आहे त्याचा फोटो काढून ठेवा, ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. काहीच हललं नाही, पुठ्ठ्यावर फक्त काजळी, गाडी तापल्यावर थेंब बंद होतात आणि पांढरा धूर बाहेर येताच विरून जातो, तर ते जळणाचंच पाणी आहे, दर काही दिवसांनी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा, बास.

कूलंट उतरत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल तर मात्र मेकॅनिकचा संशय खरा असू शकतो. अशा वेळी धूर दाट असतो, गाडी पूर्ण तापल्यावरही येत राहतो आणि हवेत रेंगाळतो. रात्रभर गार झालेली गाडी चालू करून रेडिएटरचा वरचा होज दाबून बघा, फॅनपासून हात लांब ठेवून, पाणी तापायच्या आतच होज टणक झाला तर सिलेंडरमधलं प्रेशर कूलंटमध्ये शिरतंय. प्लग काढायला सांगा, तीन प्लग तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्या सिलेंडरमध्ये पाणी जातंय, मला यापेक्षा बोलका पुरावा दुसरा माहीत नाही. मग निळ्या केमिकलची टेस्ट करून घ्या, रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या केमिकलमधून ओढतात, जळका गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. सोबत कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजणं. ही सगळी कामं इंजिन न खोलता होतात आणि मेकॅनिकला तुम्ही हक्काने सांगू शकता की आधी हे करून दाखवा. फक्त रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणूनही घाबरू नका, छोट्या फेऱ्यांनी तीही येते, डिपस्टिकवरचं ऑइलच कॉफीसारखं दिसलं तर काळजीचं.

ब्रेक ऑइल मुद्दाम बघायला सांगितलं कारण हे फार कमी जण तपासतात. मास्टर सिलेंडरचं (ब्रेक पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) मागचं सील गेलं तर ऑइल बूस्टरमध्ये (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा डबा) जातं, इंजिन ते व्हॅक्यूमच्या पाइपमधून ओढून घेतं आणि मागून पांढरा धूर, चाकाजवळ कुठेही गळती नाही आणि लोक हेड उतरवून बसतात. पातळी उतरत असेल तर गाडी उभी ठेवा, आधी ब्रेक.

ऑइल निघालं तर धूर निळसर असतो. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन येऊन थांबला तर बहुतेक वॉल्व सील, रेस देताना सतत येत असेल तर पिस्टन रिंगा, पण त्याआधी पीसीव्ही वॉल्व (इंजिनच्या आत साचलेला गॅस परत जळायला पाठवणारा) बदलून बघा, स्वस्तातला पार्ट आहे आणि तो अडकला तरी गाडी ऑइल खाते. पेट्रोलचा वास आणि काळा धूर असेल, गाडी मिसिंग करत असेल तर इंजेक्टर गळतोय का बघा, कार्बोरेटर असेल तर चोक अडकलाय का, आणि हे लांबवू नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर साफ करणारा डबा) असेल तर न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो जळून खराब होतो.

कूलंट सिलेंडरमध्ये जातंय असं निघालं तर रेडिएटरमध्ये टाकायची लीक बंद करणारी पावडर वगैरे टाकू नका, ती हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. आणि सकाळी स्टार्टर मारल्यावर इंजिन टक्कन अडकलं तर पुन्हा मारू नका, रात्रीत सिलेंडरमध्ये पाणी भरलेलं असू शकतं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून मगच फिरवायचं, आणि गाडी गॅरेजला टो करून न्यायची.